वीरांची चाहूल

वीर येण्यापूर्वी त्याचा सूर येतो. ही रीत आजची नव्हे. राजा सभेत येण्याआधी चौघडा झडत असे, पालखी निघण्याआधी शिंग फुंकले जात असे. आणि आजही नवरदेव मांडवाच्या दारी पोचण्याच्या कितीतरी आधी बँडचा आवाज रस्त्याच्या वळणावर ऐकू येतो. डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांना कळावे, आणि कानांना कळताच छातीत थोडी धडधड सुरू व्हावी, एवढाच ह्या सुरांचा हेतू. आपल्या घरांतील मुलांना आज ही धडधड ज्या सुरांनी होते, ते बहुतांशी दूरदेशीचे आहेत. आकाशातून उडणाऱ्या, भिंतीवर चढणाऱ्या, मुखवटे धारण करणाऱ्या नायकांच्या चित्रपटांतील आणि दूरचित्रवाणी-मालिकांतील शीर्षकधुनांची संकलने हल्ली सहज मिळतात. एकामागून एक वीस-पंचवीस धुना. प्रत्येक दोन-चार मिनिटांची. मुले ती आगगाडीत ऐकतात, अभ्यास करताना ऐकतात, आणि पहिल्या दोन स्वरांवरून नायकाचे नाव अचूक सांगतात. अशा संकलनाकडे थोरांनी कसे पाहावे, ह्याचा विचार आजच्या सदरात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा प्रश्न. ‘सुपरहिरो’ ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय द्यावा? ‘महावीर’ म्हणावे तर ते नाव तीर्थंकरांचे. ‘अतिमानव’ म्हणावे तर त्याला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांचा वास येतो. तेव्हा मुले म्हणतात तेच ‘सुपरहिरो’ चालू द्यावे, हे बरे. परंतु ‘थीम’ ह्या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. चित्रपटात नायक येताच जी ठरावीक धून वाजते, तिला ‘विषय’ म्हणून चालत नाही आणि ‘मुखडा’ म्हणूनही पुरत नाही. ह्या अर्थाचा शब्द आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘ध्रुवा’ नावाच्या गीतांचे पाच प्रकार सांगितले आहेत. पात्र रंगमंचावर येताना जे गीत गावयाचे ती प्रावेशिकी ध्रुवा. पात्र रंगमंच सोडून जाताना गावयाचे ती नैष्क्रामिकी. चालू रसाला एकाएकी छेद देणारी ती आक्षेपिकी. विस्कटलेले मन पुन्हा प्रसन्न करणारी ती प्रासादिकी. आणि मध्ये पडलेला खंड भरून काढणारी ती आंतरा. सुपरहिरोची धून म्हणजे वस्तुतः प्रावेशिकी ध्रुवा होय. नायक कोण, त्याचे बळ किती, त्याच्याविषयी प्रेक्षकाने कोणता भाव धरावा, हे सारे तो एक शब्द बोलण्यापूर्वीच ती सांगून टाकते.

हे ती कसे साधते, ते एका उदाहरणावरून ध्यानात येईल. सन १९७८ मध्ये ‘सुपरमॅन’ हा चित्रपट निघाला. त्याचे संगीत जॉन विल्यम्स ह्यांचे असून ते लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा ह्या वाद्यवृंदाने वाजवले आहे. आरंभी पितळी तुताऱ्या षड्जावर तीनदा ठोका देऊन एकदम पंचमावर झेप घेतात. आपल्या तंबोऱ्याचे जे दोन स्वर, त्यांच्यामधलीच ही झेप. म्हणून ती कोणत्याही देशाच्या कानाला परकी वाटत नाही. खाली तालवाद्ये आणि तंतुवाद्ये सैनिकी संचलनाची लय धरतात. ऐकणारा खुर्चीत बसलेला असला तरी त्याचे पाय चालू लागतात. पुढे जो तीन स्वरांचा तुकडा येतो, तो जणू नायकाचे नावच उच्चारतो, असे अनेकांना वाटते.

ह्याच्या अगदी उलट रीत १९६६ सालच्या ‘बॅटमॅन’ मालिकेची. नील हेफ्टी ह्यांच्या त्या धुनेत गिटारची एकच वळणदार तान पुन्हा पुन्हा येते, आणि शब्द म्हणाल तर नायकाच्या नावापलीकडे काहीच नाही. भव्यता नाही, आहे ती गंमत आणि खोडकरपणा. तीच कथा १९८९ मध्ये गंभीर चित्रपटाच्या रूपाने आली, तेव्हा डॅनी एल्फमन ह्यांनी त्याच नायकाला काळोखातून वर चढत येणारी, घनगंभीर धून दिली. नायक एक, धुना दोन. आणि केवळ धुनेमुळे एकजण विदूषकाचा सोबती, तर दुसरा शोकांतिकेतला राजपुत्र वाटतो.

आपल्याकडेही ह्या जातीची निर्मिती झालीच आहे. १९८८ ते १९९० ह्या काळात ‘महाभारत’ मालिका चालू असताना महेंद्र कपूर ह्यांचा आवाज घुमला की गल्ल्या ओस पडत. त्या शीर्षकगीताचे संगीत राजकमल ह्यांचे. ह्याच मालिकेत भीष्म झालेले मुकेश खन्ना पुढे १९९७ ते २००५ ह्या काळात ‘शक्तिमान’ झाले, आणि मुले घरातल्या घरात गिरक्या घेऊ लागली. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर मोगलीची जपानी चित्रमालिका हिंदीतून आली. गुलजार ह्यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज ह्यांचे संगीत लाभलेले तिचे गाणे त्या पिढीच्या ओठांवर अजूनही आहे. गंमत अशी की, हा मोगली परका नव्हेच. रडयार्ड किप्लिंगने १८९४ च्या आपल्या पुस्तकात त्याला ज्या डोंगरांत वाढवले, ते सिवनीचे डोंगर जबलपूरच्या दक्षिणेला आहेत. इंग्रज लेखकाचे पुस्तक, त्यावर जपानी चित्रे, त्याला हिंदी गाणे, आणि नायक मात्र नर्मदा-वैनगंगेच्या मुलखातला!

आता त्या मुलखातच जाऊ. जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेवर ग्वारीघाट आहे. पात्राच्या मध्यावर एक लहानसे मंदिर, पलीकडच्या काठावर गुरुद्वारा, घाटाला लागलेल्या नावा, आणि दिवेलागणीच्या वेळी शंख-घंटांच्या गजरात होणारी नर्मदेची आरती. द्रोणात तेवणाऱ्या वाती पाण्यावर सोडून लोक पायऱ्यांवर निवांत बसतात. पाठीवर झोळी घेतलेले परिक्रमावासी येथे भेटतात, आणि त्यांत मराठी बोलणारे पुष्कळ असतात. परंतु मराठी येथे केवळ परिक्रमेपुरती आलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश प्रथम सागरच्या मराठ्यांकडे व नंतर नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हापासूनची आणि पुढे नोकरीनिमित्त आलेली मराठी घरे आजही जबलपुरात नांदत आहेत.

अशाच एका घरातील आजी आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू ह्यांचा संवाद ग्वारीघाटाच्या पायरीवर बसलेला असताना कानी पडला. नातवाच्या हातातील फोनवर तेच संकलन वाजत होते. एक धून संपली की तो नायकाचे नाव सांगे, आणि आजी मान डोलावीत. शहरात राणी दुर्गावतीच्या नावाचे विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे. तेव्हा ते नाव मुलाच्या परिचयाचे असणारच. त्याने एकदम विचारले,

“आजी, राणी दुर्गावतीची धून कोणती गं?”

“धून नाही रे बेटा, गोष्ट आहे.” असे म्हणून आजींनी गोष्ट सांगितली. कालंजरच्या चंदेलांची ती मुलगी. गढ्याच्या गोंड राजघराण्याची सून. पती दलपतशाह लवकर वारल्यावर लहानग्या वीरनारायणाच्या नावाने तिने राज्य चालवले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. नर्रईच्या नाल्यापाशी ती हत्तीवर बसून लढली. बाण लागले, शुद्ध हरपू लागली. महुताने तिला मागे फिरण्याविषयी विनवले. पण शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने आपलीच कट्यार आपल्या शरीरात खुपसली.

मुलाने फोन बंद केला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मग ती उडून का नाही गेली?”

“उडता आलं असतं तर मग काय रे! मग कोणीही लढलं असतं.”

मुलाचा प्रश्न निर्बुद्ध म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्याने केवळ प्रावेशिकी ध्रुवा ऐकल्या, त्याच्या मनात वीर म्हणजे फक्त येणारा. तो येतो, संकट निवारतो, आणि धून पुन्हा आपल्या मूळ स्वरावर सुखरूप येऊन थांबते. क्वचित तो मेलाच, तर पुढील भागात परत येतो. अशा वीराला शौर्याची किंमत द्यावी लागत नाही. ह्याचा अर्थ त्या धुना वाईट आहेत असा नव्हे. मुलाच्या मनाला उभारी देण्याचे काम त्या चोख बजावतात. परंतु आयुष्यात संकट आले असता उडता न येणाऱ्या माणसांनीच धीर धरावयाचा असतो. आजारी वडिलांची सेवा करणारी मुलगी, पुरात दोर धरून उभा राहणारा नावाडी, सीमेवरचा जवान, ह्यांपैकी कोणालाही पंख नाहीत. त्यांचे शौर्य मुलाला ओळखता यावे, तर त्याच्या कानाला दुसऱ्या जातीच्या वीरगीताचीही ओळख हवी.

ते दुसरे गीत ह्याच भूमीत भरपूर आहे. बुंदेलखंडात पावसाळ्यात ढोलकाच्या ठेक्यावर ‘आल्हा’ गातात. महोब्याच्या परमर्दिदेव चंदेलाच्या पदरी असलेल्या आल्हा आणि ऊदल ह्या बंधूंची, बाराव्या शतकातील ही गाथा. परंपरा तिचे कर्तृत्व जगनिक कवीला देते; लोकांच्या मुखी असलेली ही गाथा एकोणिसाव्या शतकात चार्ल्स इलियट ह्या इंग्रज अधिकाऱ्याने गायकांकडून लिहवून घेतली. तिचा छंद एकतीस मात्रांचा. सोळा मात्रांवर गायक थांबतो, श्वास घेतो, आणि उरलेल्या पंधरा मात्रा झपाट्याने म्हणतो. सोळाच्या मानाने पंधरा म्हणजे एक पायरी कमी. त्यामुळे प्रत्येक ओळ पुढच्या ओळीवर जाऊन आदळते, आणि रात्र चढत जाते तशी लयही चढत जाते. ज्या चंदेल घराण्यासाठी आल्हा-ऊदल लढले, त्याच घराण्याची दुर्गावती ही कन्या होय.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ह्या तांब्यांच्या कन्या. मराठी घरात जन्मलेल्या. त्यांची कथा बुंदेलखंडातील ‘हरबोले’ ह्या भटक्या गायकांनी गावोगाव गाइली, आणि ती ऐकून सुभद्राकुमारी चौहान ह्यांनी आपली सुप्रसिद्ध हिंदी कविता लिहिली. सुभद्राकुमारी लग्नानंतर जबलपुरास स्थायिक झाल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या, आणि १५ फेब्रुवारी १९४८ रोजी सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या ह्या कवितेचे ध्रुवपद पाहावे. ते राणीचे शौर्य सांगतेच. पण ही गोष्ट आम्ही हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, हेही सांगते. म्हणजे धून वीराची असली तरी तिच्यात गाणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा वाटा मान्य केलेला आहे. आणि ती कविता राणीच्या बालपणाच्या खेळांपासून तिच्या मृत्यूपर्यंत जाते. प्रवेशही तेथे आहे आणि निष्क्रमणही.

महाराष्ट्राचा पोवाडा ह्याच जातीचा. डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या साधनांवर शाहीर सबंध रणांगण उभे करतो. तुळशीदास शाहिराचा सिंहगडावरील पोवाडा घ्या. गड जिंकल्याची वार्ता त्यात आहे, तशी तानाजी पडल्याचीही आहे; आणि श्रोता विजयाने हर्षित व्हावा की मरणाने खिन्न, हे शाहीर ठरवून देत नाही. दोन्ही भाव तो एकाच वेळी श्रोत्याच्या पदरात टाकतो.

आता कोणी विचारील की, पोवाडे आणि आल्हा चार-चार तासांचे. आजच्या मुलाला ते कसे ऐकवावे? संकलन ही रीत येथेही उपयोगी पडते, आणि तिचा उत्तम नमुना मराठीत आहे. शिवराज्याभिषेकास १९७४ मध्ये तीनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकर ह्यांचे, स्वर लता मंगेशकर ह्यांचा, निवेदन बाबासाहेब पुरंदरे ह्यांचे. समर्थ रामदास, भूषण, सावरकर, गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज अशा निरनिराळ्या काळांतील कवींच्या रचना तीत एकत्र केल्या आहेत. भूषणाची रचना व्रजभाषेतील. तेव्हा ही तबकडी जबलपूरच्या घरात वाजली तर शेजारच्या हिंदी कुटुंबालाही तिच्यातले काही आपले वाटते.

परंतु मुद्दा केवळ नामावळीचा नाही, निवडीचा आहे. तीत राजाची स्तुती आहे, ती प्रावेशिकी म्हणावी. तीत शिवबाला झोपवणाऱ्या जिजाऊंची अंगाई आहे. वीराला पाळण्यात पाहणे, त्याला कोणीतरी थोपटून निजवीत होते हे कळणे, ही मोठी गोष्ट आहे. तीत पावनखिंडीतील बाजीप्रभूंची वेदना आहे, आणि १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत शत्रूच्या सैन्यावर तुटून पडलेल्या प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा सोबत्यांची दौड आहे. ते सातही जण परत आले नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात मूल पाळण्यापासून मरणापर्यंत एक संपूर्ण फेरी करून येते. सुपरहिरोंच्या संकलनात वीस वीर येतात. येथे एकाच राज्याच्या उभारणीत किती जण गेले, हे कळते.

न्यायाने बोलावयाचे तर परदेशी संकलनांतही नैष्क्रामिकी अगदीच नाही, असे नव्हे. ‘इन्क्रेडिबल हल्क’ ही अमेरिकन मालिका १९७७-७८ मध्ये सुरू झाली. संताप आला म्हणजे ज्याचे रूप राक्षसी होते, असा हा नायक. पण त्या मालिकेची लोकांच्या स्मरणात राहिलेली धून युद्धाची नाही. जो हार्नेल ह्यांनी ती एकट्या पियानोवर बसवली. भागाच्या शेवटी नायक पाठीवर पिशवी टाकून रस्त्याने एकटाच चालू लागतो, कारण त्याला कोठे राहता येत नाही. आणि तेव्हा ती धून वाजते. मुलांना ही धून अवश्य ऐकवावी, आणि विचारावे: हा येतो आहे की जातो आहे? बहुतेक मुले बरोबर उत्तर देतात.

संकलन निवडताना पालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अशी संकलने दोन प्रकारची असतात. काहींत चित्रपटासाठी झालेले मूळ ध्वनिमुद्रण असते, तर काहींत तीच स्वरलिपी दुसऱ्या वाद्यवृंदाने नव्याने वाजवलेली असते. सिटी ऑफ प्राग फिल्हार्मॉनिक ह्या वाद्यवृंदाने चित्रपटसंगीताची अशी पुनर्ध्वनिमुद्रणे पुष्कळ केली आहेत, आणि ती कसदार आहेत. परंतु पुष्कळदा स्वस्त संकलनांवर ना वादकाचे नाव, ना संगीतकाराचे. नायकाचे चित्र मोठे, आणि ज्याने त्याला चाल दिली तो गैरहजर. मुलाला धून आवडली तर ती कोणी रचली, हे त्याला शोधावयास लावावे. कलावंताचे नाव ठाऊक असणे, हाही संस्काराचाच भाग आहे.

शेवटी एक काम सुचवितो. ते खर्चाचे नाही, आणि कोणा संस्थेची वाट पाहावी असेही नाही. घरात जो फोन ह्या धुना वाजवतो, तोच आवाज टिपूनही घेतो. आपल्या आजी-आजोबांना, मामा-मावश्यांना, गावच्या शाहिराला किंवा शेजारच्या बुंदेली, गोंडी, कोकणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या वृद्ध गृहस्थांना वीराचे एखादे गाणे येत असेल, तर ते मुलाकडूनच ध्वनिमुद्रित करून घ्यावे. आरंभी मुलाने गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या आवाजात सांगावी. हे गाणे त्यांनी कोणाकडून ऐकले, केव्हा गात असत, हेही विचारावे. अशी दहा-बारा गीते जमली की घरचे संकलन तयार होते. त्यात सुपरमॅनची तुतारीही खुशाल ठेवावी. मुलाच्या आवडीला तेथे स्थान हवेच. फक्त क्रम लावताना एवढे पाहावे की, जितके वीर येतील त्यांतील काही तरी जाताना ऐकू यावेत.

दुर्गावतीची धून कोणती, ह्या प्रश्नाचे उत्तर गोंड गायकांच्या मुखी निरनिराळ्या रूपांनी असते. ते त्यांच्याकडे जाऊनच ऐकले पाहिजे. आपल्या भागात वीराच्या निरोपाचे कोणते गीत गातात, कोण गातात, कोणत्या प्रसंगी गातात, हे वाचकांनी अवश्य लिहून कळवावे. निवडक पत्रांचा परामर्श ह्याच सदरातून घेता येईल.